मराठी भाषाविषयक वादांतील विनोद आणि विषयांतर : निबंधमाला ते पदनाम कोश

प्रस्तावना

आधुनिक मराठीच्या इतिहासात भाषेविषयीची चर्चा ही केवळ व्याकरणकारांची आणि कोशकारांची मिरासदारी कधीच राहिली नाही. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धापासून 'मराठी शाळापत्रक', 'विविधज्ञानविस्तार', 'निबंधमाला', 'केसरी', 'ज्ञानोदय' अशा नियतकालिकांभोवती भाषेवर वाद घालणाऱ्यांचा एक समुदाय तयार झाला. त्यात शास्त्री होते, मास्तर होते, पदवीधर होते, वकील होते; आणि ज्यांच्या मराठीला शास्त्र्यांची मान्यता नव्हती असेही लेखक होते. अनुस्वार कोठे द्यावा, परका शब्द ठेवावा की टाकावा, कचेरीतील हुद्द्याला मराठीत काय म्हणावे, असे वरकरणी रुक्ष वाटणारे हे विषय. तरीही या वादांइतका विनोद मराठीतील दुसऱ्या कोणत्याही शास्त्रीय चर्चेत क्वचितच आढळतो. उपहास, विडंबन, कोट्या, टोपणनावे आणि बनावट शब्द यांची त्यात रेलचेल आहे.

या विनोदाकडे साहित्येतिहासात बहुधा लेखकाच्या शैलीचा अलंकार म्हणून पाहिले जाते. भाषावादाच्या दृष्टीने मात्र त्याचे कार्य वेगळे आहे. विनोद चर्चेला कधी मूळ मुद्द्यावर घट्ट बांधून ठेवतो, तर कधी तो मुद्दाच नजरेआड करतो. हसू चर्चेतील शब्दाला येते आहे की तो शब्द वापरणाऱ्या माणसाला, हे त्या दोहोंतील अंतर आहे. 'निबंधमाले'पासून 'पदनाम कोशा'पर्यंतच्या काही प्रमुख वादांत हे अंतर कसे पाळले गेले आणि कोठे पुसले गेले, याचा शोध प्रस्तुत लेखात घेतला आहे.

व्याकरणाची चिकित्सा : वडील आणि चिरंजीव

दादोबा पांडुरंग यांचे 'महाराष्ट्र भाषेचे व्याकरण' १८३६ साली प्रसिद्ध झाले आणि पुढील दोन पिढ्यांच्या भाषाचर्चेला त्याने एक निश्चित आधार पुरवला. या व्याकरणाची सर्वांत कसून चिकित्सा कृष्णशास्त्री चिपळूणकर यांनी केली. 'शाळापत्रका'तील त्यांचे व्याकरणविषयक निबंध त्यांच्या मृत्यूनंतर १८९३ साली 'मराठी व्याकरणावरील निबंध' या नावाने पुस्तकरूपात आले. विभक्ती म्हणजे प्रत्यय की अर्थ, 'रामाने आंबा खाल्ला' या वाक्यातील प्रयोग इंग्रजीतील कर्मणीसारखा मानावा की नाही, अशा प्रश्नांना हे निबंध सोडून जात नाहीत. मतभेद तीव्र आहेत. पण रोख दादोबांच्या सूत्रांवर आहे, दादोबांवर नाही. स्वतः दादोबांनीही १८८१ साली 'मराठी व्याकरणाची पूरणिका' लिहून आपले विवेचन पुढे नेले. या चर्चेला हसू फारसे फुटले नाही, हेही खरे. आणि कदाचित म्हणूनच ती व्याकरणाच्या अभ्यासकांपलीकडे फारशी वाचली गेली नाही.

कृष्णशास्त्र्यांचे चिरंजीव विष्णुशास्त्री यांनी १८७४ साली 'निबंधमाला' सुरू केली. सात वर्षांत निघालेल्या तिच्या ८४ अंकांनी मराठी गद्याचे वळण बदलले, हे निर्विवाद आहे. पहिलाच विषय 'मराठी भाषेची सांप्रतची स्थिती' हा होता. वक्रोक्ती आणि व्याजस्तुती ही विष्णुशास्त्र्यांची आवडती शस्त्रे. प्रतिपक्षाचे एखादे वाक्य उचलून, त्याची उलटतपासणी करून, शेवटी वाचकाला त्याच्यावर हसवण्याची त्यांची हातोटी विलक्षण होती. मराठीत गंभीर विषयावर लिहिताना हसवताही येते, हा धडा पुढच्या पिढीने येथेच घेतला.

येथे एक गोष्ट लक्षात घेणे अगत्याचे आहे. 'शाळापत्रक' हे सरकारी शिक्षणखात्याचे पत्र होते. त्याच्या संपादकाला वरिष्ठांची मर्जी आणि शिक्षकवर्गाची गरज या दोन्हींकडे पाहावे लागे. विष्णुशास्त्र्यांच्या लेखनामुळे ते पत्र १८७५ साली बंद पडले. 'निबंधमाला' ही एकट्या लेखकाची होती. तेथे लेखक तोच, संपादकही तोच. लेखणी रंगात येऊन वाहवत गेली, तर तिला मूळ विषयावर आणणारा दुसरा कोणी तेथे नव्हता. मालेच्या गुणांचे जे कारण, तेच तिच्या दोषाचेही आहे.

'गुलामगिरी' आणि व्याकरणाचा उपहास

हा दोष सर्वांत ठळकपणे दिसतो तो जोतीराव फुले यांच्या लेखनावरील टीकेत. 'गुलामगिरी' हा ग्रंथ १८७३ साली प्रसिद्ध झाला. जोतीराव आणि धोंडीबा यांच्या संवादाच्या रूपाने लिहिलेला हा ग्रंथ अमेरिकेतील गुलामगिरी नष्ट करणाऱ्या लोकांना अर्पण केलेला आहे. विनोद हे त्याचे एक प्रमुख साधन आहे. मत्स्य, कच्छ, वराह या अवतारांविषयी धोंडीबा जे भोळे वाटणारे प्रश्न विचारतो, त्यांतून पुराणकथांची शब्दशः उलटतपासणी होते. शब्दांच्या व्युत्पत्तीचा वापरही जोतीरावांनी असाच केला. 'महार' हा शब्द त्यांनी 'महाअरी'पासून आणला, 'क्षत्रिय' हा 'क्षेत्र' म्हणजे शेतजमीन या शब्दाशी जोडला. भाषाशास्त्राच्या कसोटीला या व्युत्पत्ती उतरत नाहीत. परंतु त्या ज्या प्रश्नाच्या सेवेसाठी योजल्या होत्या, तो प्रश्न भाषाशास्त्राचा नव्हता. जमीन कसणाऱ्यांच्या घामातून सरकारी तिजोरी भरते आणि त्या तिजोरीतून शिक्षण मात्र वरच्या वर्गाला मिळते, असे का, हा तो प्रश्न होता.

विष्णुशास्त्र्यांनी 'निबंधमाले'त सत्यशोधक समाजाचा आणि जोतीरावांच्या लेखनाचा समाचार घेतला. त्यात जोतीरावांचे व्याकरण, शुद्धलेखन, वाक्यरचना आणि व्युत्पत्ती यांची मनसोक्त थट्टा आहे. व्युत्पत्तींवरील आक्षेप विषयाला धरून होते, हे मान्य केले पाहिजे. ऐतिहासिक विधान शब्दसाम्यावर उभे केले असेल, तर ते शब्दसाम्य तपासण्याचा टीकाकाराला पूर्ण अधिकार आहे. आणि त्या तपासणीत तो हसला, तरी बिघडत नाही. परंतु लिंगवचनाच्या चुका दाखवून लेखकाचा अधिकारच नाकारणे ही वेगळी गोष्ट आहे. अशा वेळी हसू ज्या शब्दाला येते, त्याचा वादविषयाशी काही संबंध राहत नाही. लेखकाला शुद्ध लिहिता येत नाही, हे सिद्ध झाले की त्याचे म्हणणे ऐकण्याचे कारण उरत नाही, असा हिशेब मांडला जातो. शिक्षण वरच्या वर्गातच का साठून राहते, असे विचारणाऱ्याला, तुमचे शिक्षण कमी आहे असे उत्तर मिळाले. यातील विसंगती विष्णुशास्त्र्यांसारख्या विसंगती हुडकण्यात निष्णात असलेल्या लेखकाच्या ध्यानी येऊ नये, हे आश्चर्य आहे.

शिक्षणखर्चाचा हा प्रश्न उपहासाने संपला नाही. जोतीरावांनी १८८२ साली हंटर आयोगापुढे दिलेल्या निवेदनात तो पुन्हा, अधिक नेमकेपणाने मांडला. १८८५ साली पुण्यात ग्रंथकारांची दुसरी सभा भरली, तेव्हा न्यायमूर्ती रानडे यांच्या निमंत्रणाला जोतीरावांनी नकाराचे पत्र पाठवले आणि ते 'ज्ञानोदया'त छापले गेले. 'घालमोडे दादा' ही त्या पत्रातील बोचरी थट्टा पुढे पुष्कळ गाजली. ग्रंथकारांच्या सभेला असे बोलीतले, मराठमोळे विशेषण चिकटवणे हा उपहासच होता. पण त्याचा रोख सभेत जमणाऱ्यांच्या शुद्धलेखनावर नव्हता. या सभांतून आणि ग्रंथांतून शूद्रातिशूद्रांच्या व्यथेला जागा मिळत नाही, असे पत्राचे म्हणणे होते आणि उपहास त्या म्हणण्याच्या आतच राहिला होता. विष्णुशास्त्र्यांच्या लेखणीची सफाई या पत्रात नाही. विषयाला धरून राहण्याच्या बाबतीत मात्र ते पत्र 'निबंधमाले'तील टीकेपेक्षा सरस ठरते.

नाव आणि नांव

शुद्धलेखनाच्या वादात विनोदाचे स्वरूप अधिक निरागस आहे, परंतु त्यानेही चर्चेला आडवाटेला नेल्याची उदाहरणे कमी नाहीत. उच्चारात न येणारे अनुस्वार लिहावेत की नाहीत, हा प्रश्न एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस ऐरणीवर आला. काशिनाथ नारायण साने, गोडबोले आणि हातवळणे यांनी लेखनपद्धती सुलभ करण्याचे प्रस्ताव मांडले. १९०४ साली लोकमान्य टिळकांनी 'केसरी'तून त्यांची सविस्तर चिकित्सा केली. हा वाद पुढे जवळजवळ साठ वर्षे चालू राहिला आणि मराठी साहित्य महामंडळाच्या १९६२ च्या चौदा नियमांनी त्यावर पडदा पडला. १९७२ साली आणखी चार नियमांची भर पडली. अनुच्चारित अनुस्वार, मग तो व्युत्पत्तीने सिद्ध असो वा नसो, लिहू नये, असे ठरले.

अनुस्वाराच्या बाजूने नेहमी दिले जाणारे उदाहरण 'नांव' आणि 'नाव' यांचे. अनुस्वार गेला तर माणसाचे नाव आणि नदीतली नाव यांत फरक राहणार नाही, अशी ती तक्रार. तिच्यावर कोटी करण्याचा मोह कोणालाही व्हावा. परंतु कोटी करू गेल्यास काय आढळते? 'नाव बुडाले' म्हटले तर अब्रू गेली आणि 'नाव बुडाली' म्हटले तर होडी गेली. एक शब्द नपुंसकलिंगी, दुसरा स्त्रीलिंगी. क्रियापदाने लगेच भेद दाखवला. म्हणजे ज्या उदाहरणावर विनोद व्हावा, त्यातच तक्रारीचे उत्तर आहे. विषयाला धरून असलेल्या विनोदाचे हे एक चांगले उदाहरण होय. तो हसवतो आणि हसवता हसवता पुरावाही देतो.

खरी अडचण दुसरीकडे होती आणि हास्याच्या गदारोळात तिच्याकडे कमी लक्ष गेले. जुन्या पद्धतीत 'तें मूल आलें' आणि 'ते मुलगे आले' ही दोन वाक्ये डोळ्यांना वेगळी दिसत. नाम गाळले तरी 'तें आलें' आणि 'ते आले' असा भेद शिल्लक राही. अनुस्वार गेल्यावर दोहोंचेही 'ते आले' झाले आणि आदरार्थी 'ते आले' तर पूर्वीपासूनच तसे होते. परिणामी पाळण्यातले मूल आणि मामलेदार या दोघांचेही आगमन एकाच वाक्यात सांगणे शक्य झाले. स्त्रीलिंगाचीही तीच गत. 'ती आली' म्हणजे एक मुलगी आली की पुष्कळ मुले आली, हे आता केवळ संदर्भाने ठरते. जुन्या लेखनात मुलांसाठी 'तीं आलीं' असे. हा गोंधळ दोन वेगळ्या शब्दांपुरता मर्यादित नाही. तो सर्वनामांच्या आणि क्रियापदांच्या संपूर्ण रूपावलीला लागू पडतो. एखाद्या जमिनीच्या दस्तात किंवा साक्षीदाराच्या जबानीत त्याची किंमत मोजावी लागू शकते.

याउलट नियम करणाऱ्यांच्या बाजूलाही भक्कम कारण होते. बहुसंख्य विद्यार्थ्यांच्या कानाला जो अनुस्वार ऐकू येत नाही, तो केवळ पाठांतराने लिहावा लागे; आणि पाठांतराची सोय घरात असणाऱ्यांनाच परीक्षेत गुण मिळत. शिक्षण नव्या वर्गांपर्यंत पोहोचत असताना हे ओझे कमी करणे न्याय्य होते. महामंडळाने अर्थभेदाची काही स्थाने जपलीही. अनेकवचनी सामान्यरूपावरील अनुस्वार कायम ठेवल्यामुळे 'घरात' आणि 'घरांत' यांतील भेद आजही लेखनात दिसतो. पात्राच्या तोंडी 'असं', 'केलं', 'आलं' लिहिण्याची मुभा दिल्यामुळे बोलण्यातील नपुंसकलिंगी एकवचन कथा-कादंबऱ्यांत तरी पुन्हा वेगळे उभे राहिले. 'ते' आणि 'तें' यांचा प्रश्न मात्र सुटला नाही. तो सोडून दिला गेला. 'नाव'-'नांव' या गमतीदार जोडीने वादाचे एवढे अवकाश व्यापले नसते, तर या दुसऱ्या जोडीचा विचार अधिक झाला असता, असे म्हणण्यास जागा आहे.

भाषाशुद्धी आणि बनावट शब्द

१९२४ साली विनायक दामोदर सावरकर यांची येरवड्याहून सुटका होऊन त्यांना रत्नागिरीत स्थानबद्ध करण्यात आले. तेथून त्यांनी भाषाशुद्धीची चळवळ उभारली. मराठीतील अरबी-फारसी आणि इंग्रजी शब्दांना पर्याय देण्याचा हा उपक्रम होता. त्याला पूर्वपरंपरा म्हणून शिवकालीन 'राज्यव्यवहारकोशा'चा दाखला दिला जाई. 'दिनांक', 'क्रमांक', 'महापौर', 'चित्रपट', 'दिग्दर्शक', 'मध्यंतर', 'हुतात्मा' हे शब्द आज कोणाला कृत्रिम वाटत नाहीत. त्यांपैकी कित्येक सावरकरांनी दिले आहेत, हे सांगितल्याशिवाय कळतही नाही.

या चळवळीची जेवढी थट्टा झाली, तेवढी क्वचितच दुसऱ्या भाषिक उपक्रमाची झाली असेल. 'कंठलंगोट' हा नेकटायचा तथाकथित पर्याय आणि आगगाडीच्या सिग्नलसाठी रचलेला 'अग्निरथगमनागमन' असा सुरू होणारा लांबलचक समास मराठी माणसाच्या तोंडी अजूनही आहेत. असे शब्द निनावी असतात. मैफलीत जन्मतात, वसतिगृहांत वाढतात आणि ज्याची थट्टा करायची त्याच्याच नावावर चढवले जातात. त्यांतील विनोद अस्सल आहे, यात शंका नाही. संस्कृत समासाची लांबी आणि सिग्नलच्या दांड्याची किरकोळ हालचाल यांची जोडी जमल्यावर हसू न येणे कठीण. मात्र चळवळीची मूळ भूमिका तपासली, तर हा विनोद तिला लागू पडत नाही, असे दिसते. जी वस्तूच आपल्याकडे नव्हती आणि जिचे नाव तिच्याबरोबरच आले, ते नाव ठेवण्यास सावरकरांची हरकत नव्हती; बूट, कोट, गुलाब, टेबल यांसारखे शब्द त्यांनी याच कारणाने चालवून घेतले. नेकटाय याच पंक्तीत बसतो. म्हणजे 'कंठलंगोटा'वर हसणारा माणूस जी गोष्ट भाषाशुद्धीने मागितलीच नव्हती, तिच्यावर हसत होता.

या विनोदाने आणखी एक हानी केली. भाषाशुद्धीवर घेण्यासारखे गंभीर आक्षेप होते. 'हजर', 'जमीन', 'वकील', 'शिपाई' हे शब्द शेकडो वर्षे मराठी माणसाच्या तोंडात रुळलेले. ते परके ठरवायचे कोणत्या निकषाने? अरबी-फारसी शब्दांवरच विशेष रोख का आणि त्याचा चळवळीच्या राजकीय भूमिकेशी असलेला संबंध भाषेच्या हिताचा आहे का? हे प्रश्न विचारले गेले. पण लोकांच्या स्मरणात राहिला तो कंठलंगोट. विषयाला धरून केलेल्या युक्तिवादाचे एक उदाहरण मात्र चळवळीच्या आधीपासून उपलब्ध होते. इतिहासाचार्य वि. का. राजवाडे यांनी जुन्या पत्रांतील शब्दांची चक्क मोजणी केली होती. त्यांनी निवडलेल्या पत्रांपैकी १६२८ च्या पत्रात मराठी शब्दांचे प्रमाण सुमारे १४ टक्के, १६७७ च्या पत्रात सुमारे ६२ टक्के आणि १७२८ च्या पत्रात सुमारे ९३ टक्के भरले. मोजकी पत्रे एवढ्या मोठ्या निष्कर्षाला पुरेशी आहेत का, अशी शंका घेता येते. मात्र शंका घ्यायची तर आणखी पत्रे मोजावी लागतात. थट्टा करून भागत नाही.

भाषाशुद्धीच्या वादातील सर्वांत मनोरंजक व्यक्तिरेखा म्हणजे माधव त्र्यंबक पटवर्धन, अर्थात माधव जूलियन. ते फारसीचे प्राध्यापक, 'फारसी-मराठी कोशा'चे (१९२५) कर्ते, मराठीत गझल रुजवणारे कवी. त्यांच्या कवितेतील फारसी शब्दकळेवर पुष्कळ टीका झाली. हेच माधव जूलियन पुढे भाषाशुद्धीचे कट्टर पुरस्कर्ते झाले आणि १९३८ साली त्यांनी 'भाषाशुद्धि-विवेक' हा ग्रंथ लिहिला. विरोधकांना टिंगलीसाठी याहून आयते निमित्त कोणते मिळणार? परंतु मत बदलणाऱ्या माणसाच्या पूर्वायुष्यावर बोट ठेवून हसणे हेही विषयांतरच. फारसी उत्तम जाणणारा माणूस फारसी शब्दांविरुद्ध उभा राहतो, तेव्हा त्याची कारणे अधिक लक्षपूर्वक वाचायला हवीत, एवढेच त्यातून निघते.

याच माधव जूलियनांच्या आणि रविकिरण मंडळाच्या कवितेवर 'केशवकुमार' या नावाने प्रल्हाद केशव अत्रे यांनी जे विडंबन लिहिले, ते १९२५ च्या 'झेंडूची फुले' या संग्रहात आले. हा विनोद मात्र वेगळ्या जातीचा आहे. विडंबनकाराला मूळ कवीचे वृत्त, शब्दयोजना, लकबी, लाडके प्रास हे सारे आत्मसात करावे लागते. त्यात थोडी जरी चूक झाली, तरी विडंबन फसते. मूळ मजकुरापासून दूर जाण्याची सोयच त्याला नसते. म्हणून 'झेंडूची फुले' ही त्या काळातील काव्यभाषेची एक अत्यंत जवळून केलेली समीक्षा ठरते आणि समीक्षेच्या अनेक जाड ग्रंथांपेक्षा तिचा परिणामही अधिक झाला. न. चिं. केळकरांनी 'सुभाषित आणि विनोद' हे विवेचन १९०८ सालीच मराठी वाचकांपुढे ठेवले होते. पण भाषेवरील विनोद शास्त्रशुद्ध कसा असू शकतो, याचे प्रात्यक्षिक पाहण्यासाठी अत्र्यांची वाट पाहावी लागली.

पदनाम कोश

१ मे १९६० रोजी महाराष्ट्र राज्य स्थापन झाले आणि त्याच वर्षी भाषा संचालनालयाची स्थापना झाली. राज्यकारभार मराठीतून करायचा, तर आधी अधिकाऱ्यांना मराठी नावे हवीत, हे ओघाने आले. १९६२ साली 'पदनाम कोश' प्रसिद्ध झाला. संचालक, सचिव, अवर सचिव, आयुक्त, अधीक्षक, लिपिक, लघुलेखक, रोखपाल, भांडारपाल, वनसंरक्षक अशी संस्कृतप्रचुर नामावली वाचकांपुढे आली आणि वृत्तपत्रांतून तिच्यावर टीकेची झोड उठली. अत्र्यांनी या कोशाला 'बदनाम कोश' म्हटले. एका अक्षराच्या फरकाने साधलेली ही कोटी इतकी चपखल बसली की कोशाचे मूळ नाव ठाऊक नसणाऱ्यांनाही ती ठाऊक झाली.

झेंडूच्या फुलांचे कर्ते आणि 'बदनाम कोश' म्हणणारे संपादक एकच. पण या दोन विनोदांत मोठे अंतर आहे. पहिल्यात प्रत्येक शब्द पारखलेला आहे. दुसरा विनोद संपूर्ण कोशाला एका फटक्यात निकालात काढतो. 'लिपिक' चांगला की वाईट, याबद्दल तो काही सांगत नाही. तरीही तो निव्वळ विषयांतर होता, असे म्हणता येणार नाही. ज्या खेडुताला तगाईसाठी कचेरीत जायचे, त्याला 'मामलेदार' कळतो, 'अधीक्षक' कळत नाही, ही भावना त्या कोटीमागे होती आणि ती रास्त होती. राजभाषा लोकांची हवी, तर ती लोकांना परकी वाटता कामा नये. ही तक्रार प्रत्येक शब्दाला लावून पाहणे आवश्यक होते. ते काम कोटीने केले नाही. पुढे ते लोकांनी आपल्या पद्धतीने केले.

कसे केले, ते पाहण्यासारखे आहे. 'जिल्हाधिकारी', 'आयुक्त', 'संचालक', 'सचिव', 'ग्रंथपाल' हे शब्द पाट्यांवर, वर्तमानपत्रांत आणि बोलण्यात रुळले. 'लिपिक' अर्जात चालतो; बोलताना मात्र क्लार्कच. 'जिल्हाधिकारी' लिहिणारा माणूस गावात 'कलेक्टर आले' असेच सांगतो. 'शिपाई', 'तलाठी', 'तहसीलदार' हे जुने शब्द आपल्या जागी टिकून राहिले, आणि 'जिल्हाधिकारी' या शब्दातील 'जिल्हा' तर अरबीतूनच आलेला आहे. तो संस्कृत 'अधिकारी'शी संधी करून बसला, तेव्हा ना शुद्धिवाद्यांनी त्याची दखल घेतली, ना थट्टेखोरांनी. कोशाला बदनाम म्हणणाऱ्या 'मराठा'सारख्या वृत्तपत्रांचे पुढील काळातील अंक चाळले, तर बातम्यांतून यांतील पुष्कळ शब्द बिनतक्रार वावरताना दिसतात.

शुद्धतेचा बदलता मापदंड

१९६२ चे लेखननियम आणि 'पदनाम कोश' एकाच वर्षीचे, हा योगायोग अर्थपूर्ण आहे. कोशाने शब्द अधिक अवघड केले, अशी तक्रार होती. नियमांनी लेखन अधिक सोपे केले. या सोपेपणाचा एक परिणाम भाषावादांच्या इतिहासावर झाला, त्याची नोंद फारशी घेतली जात नाही. विष्णुशास्त्र्यांच्या काळी शुद्ध-अशुद्ध ठरवण्याचा जो मापदंड होता, तोच या नियमांनी रद्द केला. आजच्या परीक्षकाच्या हाती 'निबंधमाले'चे कोणतेही पान दिले, तर 'कांहीं', 'नांव', 'केलें', 'त्यांत' अशा रूपांखाली लाल रेघा ओढाव्या लागतील. 'गुलामगिरी'च्या पानावरही तशाच रेघा येतील. अनुस्वारांपुरते पाहायचे, तर ते दोन्ही ग्रंथ आता एकाच बाकावर बसले आहेत.

महाराष्ट्र राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळाने १९६९ साली धनंजय कीर आणि स. गं. मालशे यांच्या संपादनाखाली 'महात्मा फुले समग्र वाङ्मय' प्रसिद्ध केले. त्यानंतर 'गुलामगिरी'वर विद्यापीठांतून आणि विद्यापीठांबाहेर जी चर्चा झाली, तिच्यात व्युत्पत्तींवरील आक्षेप पुन्हा घेतले गेले, त्यांना उत्तरेही दिली गेली. बळीराजाच्या मिथकाचा, शेतकऱ्याच्या कर्जाचा, स्त्रीशिक्षणाचा आणि शिक्षणखर्चाचा विचार झाला. लिंगवचनाच्या चुकांची यादी मात्र त्या चर्चेत कोणी पुढे केली नाही.